दिव्याचा नॉक : हौस की गरज?

बाणाच्या मागच्या टोकाला दोरी अडकते ती खाच म्हणजे नॉक. त्यात चिमुकली बॅटरी आणि एलईडी बसवला, की दोरीच्या धक्क्याने दिवा लागतो आणि सुटलेला बाण लाल-हिरवी रेघ ओढत जातो. परदेशातले शिकारी बाण कुठे लागला, कुठे पडला हे पाहायला तो वापरतात. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे; त्यातल्या शस्त्रांच्या व्याख्येत धनुष्यबाणही येतात. म्हणजे उरल्या स्पर्धा आणि सराव.

आमच्या माधवनगरला सराव करणाऱ्या मुलांसमोर आदर्श आहे तो शेजारच्या साताऱ्याचा. तिथल्या अदिती स्वामीने 2023 मध्ये बर्लिनला, वयाच्या 17 व्या वर्षी, कम्पाउंड धनुष्याच्या प्रकारात जागतिक विजेतेपद मिळवले. अशा स्पर्धांत विजेवर चालणारा नॉक चालतच नाही. ‘पण बाण डुलतो ते दिव्यामुळे दिसते ना?’ दिसते; मात्र साधा नॉक वजनाला 10 ग्रेनच्या आसपास, तर दिव्याचा 20 ते 25. हा फरक जेमतेम एक ग्रॅमचा; पण शेपटीकडे तेवढे वजन वाढले, तरी बाणाचा तोल बदलतो. पिसे काढून तेवढ्याच वजनाची टेप गुंडाळलेला बाण डुलण्याची हीच चूक जवळजवळ फुकटात दाखवतो. ‘संध्याकाळी बाण दिसत नाही’ म्हणाल, तर दिवा लक्ष्यावर लावा. लक्ष्यामागे कोणी उभे आहे का, हे दिसणे बाण दिसण्यापेक्षा महत्त्वाचे.