सामू व विद्युत वाहकता मापक : सेटिंग जतन करावी, अंशशोधन नव्याने करावे

माती व पाणी परीक्षणासाठी हातात धरून वापरता येणारे डिजिटल मापक आता अनेक गटशेती संस्थांपर्यंत व प्रगतिशील शेतकऱ्यांपर्यंत पोहोचले आहेत. पडद्यावर दिसणारा आकडा इलेक्ट्रोडकडून येणाऱ्या संकेतावर जसा अवलंबून असतो, तसाच तो उपकरणाच्या मेमरीत साठवलेल्या सेटिंगवरही अवलंबून असतो.

उदाहरणार्थ, एखाद्या विहिरीच्या पाण्याची विद्युत वाहकता १.४ डेसीसायमन प्रति मीटर आहे. विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण काढण्याचा गुणक ०.५ असेल, तर मापक ७०० पीपीएम दाखवतो, गुणक ०.७ असेल, तर ९८० पीपीएम. पाणी तेच असते. संदर्भ तापमान २५ ऐवजी २० अंश सेल्सिअस ठेवल्यास वाहकतेचा आकडाही सुमारे १० टक्क्यांनी कमी येतो. कांदा किंवा संत्र्यासारख्या क्षारसंवेदनशील पिकासाठी पाणी योग्य की अयोग्य, हा निर्णय अशा फरकामुळे चुकू शकतो.

मेनूतील ‘रीसेट’ चुकून दाबले गेले, की उपकरण कारखान्यातील मूळ सेटिंगवर परत जाते. अशा वेळी दोन प्रकारच्या माहितीतील भेद ध्यानात घ्यावा.

पहिला प्रकार सेटिंगचा : एकक, क्षारगुणक, संदर्भ तापमान, तापमान गुणांक आणि बफर संच. ही माहिती लिहून ठेवल्यास जशीच्या तशी पुन्हा भरता येते. बफर संचाकडे विशेष लक्ष द्यावे. भारतात ४.०, ७.० व ९.२ सामूच्या बफर गोळ्या सर्रास वापरल्या जातात. मूळ सेटिंगमध्ये मात्र अनेकदा १०.०१ चे बफर गृहीत धरलेले असते.

दुसरा प्रकार अंशशोधनाचा. हे जुन्या नोंदीवरून परत आणू नये. इलेक्ट्रोडचा काचेचा फुगा काळानुसार जीर्ण होतो व त्याचा प्रतिसाद मंदावतो. २५ अंश तापमानास सामूच्या प्रत्येक एककामागे आदर्श प्रतिसाद ५९.१६ मिलिव्होल्ट असतो. तो ९० टक्क्यांखाली गेल्यास इलेक्ट्रोड स्वच्छ करावा. तरीही सुधारणा न झाल्यास बदलावा.

रीसेटनंतरची कार्यपद्धती :

१. नोंदवहीतील सेटिंग एकेक करून भरावी व पडताळावी.
२. ताज्या बफर द्रावणांनी सामूचे अंशशोधन करावे, प्रथम ७.०, नंतर नमुन्यांच्या स्वरूपानुसार ४.० किंवा ९.२. प्रत्येक वेळी इलेक्ट्रोड ऊर्ध्वपातित पाण्याने धुवावा.
३. वाहकतेसाठी ०.०१ मोलर पोटॅशियम क्लोराईड द्रावण वापरावे. एक लिटर द्रावणात कोरडे पोटॅशियम क्लोराईड ०.७४५ ग्रॅम असते व २५ अंशास त्याची वाहकता १.४१३ डेसीसायमन प्रति मीटर येते.
४. अंशशोधनानंतर तेच प्रमाणित द्रावण पुन्हा मोजून आकडा जुळतो का ते पाहावे.
५. दिनांक, प्रतिसादाची टक्केवारी व तपासणीचा आकडा नोंदवावा.

सेटिंगच्या पानाचे मोबाईलवर छायाचित्र काढून एक प्रत मापकाच्या पेटीत ठेवणे सोयीचे ठरते. परीक्षण अहवालात केवळ पीपीएम न लिहिता वाहकता व संदर्भ तापमानही लिहावे. त्यामुळे वेगवेगळ्या मापकांवर व वेगवेगळ्या हंगामांत घेतलेल्या नोंदींची तुलना करता येते आणि पाणी खरोखर खारे होत आहे की केवळ गुणक बदलला आहे, हे निश्चितपणे कळते.