डंख मारणारी पालेभाजी : कंडाली

गढवाल आणि कुमाऊंच्या डोंगरांत गोठ्यामागे, शेणखताच्या ढिगाजवळ, पडक्या घराच्या भिंतीलगत एक खाजरी वनस्पती हमखास दाट माजलेली असते. गढवालात तिला कंडाली म्हणतात, कुमाऊंत सिसूण आणि हिंदीत बिच्छू घास. शास्त्रीय वर्गीकरणात ती अर्टिका या प्रजातीत मोडते. त्यातली अर्टिका डायोइका युरोपपासून हिमालयापर्यंत पसरलेली आहे. उत्तराखंडात तिच्या जोडीला अर्टिका पार्व्हिफ्लोराही आढळते. दोन्हींना ‘रानटी’ म्हटले जात असले, तरी त्या माणसाच्या वस्तीची पाठ सोडत नाहीत. शेण, मूत्र आणि राख पडून नायट्रोजन व फॉस्फरसने समृद्ध झालेली ओलसर माती त्यांना मानवते. फॉस्फरस मातीत फार काळ टिकतो. त्यामुळे युरोपात कित्येक पिढ्यांपूर्वी ओस पडलेल्या वस्त्यांच्या जागाही खाजऱ्या झाडांच्या दाट पट्ट्यांवरून ओळखू येतात.

कंडालीची खरी करामत तिच्या कुसळांत आहे. पानांवर आणि देठांवर उभे असलेले प्रत्येक डंखरी कुसळ म्हणजे एकच लांबट पेशी असते. तिची लांबी एक-दोन मिलिमीटर, तळाशी फुगवटा आणि टोकाला सिलिकाची काचेसारखी ठिसूळ गाठ. किंचित स्पर्श झाला तरी ही गाठ तिरकी मोडते आणि इंजेक्शनच्या सुईसारखे धारदार तोंड उघडते. ते कातडीत घुसते, तळाचा फुगवटा दाबला जातो आणि आतला द्रव कातडीखाली उतरतो. मुंगीच्या चाव्यातले फॉर्मिक आम्लच या आगीला कारणीभूत आहे, असे पूर्वीपासून मानले जाई आणि अजूनही अनेक ठिकाणी तसेच लिहिले जाते. फॉर्मिक आम्ल त्यात असते हे खरे, पण दोष एकट्या त्याचा नाही. एमेलिन आणि फेल्डबर्ग या संशोधकांनी 1947 मध्ये या द्रवात हिस्टामिन आणि ॲसिटिलकोलीन असल्याचे दाखवून दिले. पुढे सेरोटोनिनही सापडले. ऑक्झॅलिक आणि टार्टारिक आम्लांमुळे ठणका लांबतो, असे अलीकडच्या अभ्यासांतून दिसते.

मात्र हे हत्यार फार नाजूक आहे. पाने उकळत्या पाण्यात टाकली, वाटली किंवा पुरती वाळवली, की कुसळे निकामी होतात. म्हणूनच पहाडी घरांत कंडाली निर्धास्तपणे खाल्ली जाते. चिमट्याने किंवा हाताला जाड फडके गुंडाळून फक्त कोवळे शेंडे खुडतात, उकडतात, घोटतात. तांदळाच्या पिठाने दाटपणा आणतात आणि जखियाची फोडणी देतात. जखिया म्हणजे महाराष्ट्रात पावसाळी तण म्हणून उपटून फेकल्या जाणाऱ्या पिवळ्या तिळवणीचे बी. सोबत मंडुव्याची, म्हणजे नाचणीची, भाकरी किंवा झंगोरा या भरडधान्याचा भात. उकडलेल्या 100 ग्रॅम पाल्यात सुमारे 480 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, जे तेवढ्याच दुधाच्या जवळपास चौपट भरते. लोहाचा मात्र उगाच गवगवा होतो. ते 100 ग्रॅममागे दीड-पावणेदोन मिलिग्रॅमच असते. फुलोरा आल्यावर पाला खाऊ नये. जून पानांत कॅल्शियम कार्बोनेटचे खडे तयार होतात आणि ते मूत्रमार्गाला त्रासदायक ठरू शकतात. रक्त पातळ करणारी वॉरफरीनसारखी औषधे घेणाऱ्यांनी हा पाला खाण्याआधी डॉक्टरांना विचारावे, कारण त्यात के जीवनसत्त्व भरपूर असते.

लागवड सोपी, आवरणे अवघड. जमिनीखाली पसरणाऱ्या पिवळ्या खोडाचा डोळा असलेला तुकडा ओल्या, खतावलेल्या मातीत लावला तरी रोप धरते. बी पेरायचे असल्यास ते वरवर भुरभुरावे, कारण उजेड मिळाला तर ते चांगले रुजते. थंड हवा आणि अर्धवट सावली हवी. दख्खनच्या पठारावरचा उन्हाळा तिला सोसणारा नाही. फुलण्याआधी छाटत राहिले, तर पुन्हा कोवळे धुमारे येतात. खोडे मात्र चौफेर पसरत राहतात, त्यामुळे भाजीच्या वाफ्यापासून दूर, बांधालगतची वेगळी जागाच तिला द्यावी. तिथेही ती उपयोगीच पडते. छाटलेला पाला दोन-तीन आठवडे पाण्यात कुजवून, गाळून, दहापट पाणी मिसळले की पिकांना देण्याजोगे द्रवखत होते. हिमालयातल्या ‘इंडियन टॉर्टॉइजशेल’ फुलपाखराच्या अळ्या तर याच पाल्यावर वाढतात. बांधावरची सगळी कंडाली कापून काढणे म्हणूनच शहाणपणाचे नाही.

तिच्या सालीतून चिवट धागाही निघतो. डेन्मार्कमधल्या लुसेहोय इथल्या कांस्ययुगीन दफनातले कापड अशाच धाग्याचे आहे. पहिल्या महायुद्धात कापूस मिळेनासा झाल्यावर जर्मनीनेही या धाग्याचा आधार घेतला. पूर्व नेपाळात जिरार्डिनिया या जवळच्या प्रजातीच्या साली राखेच्या पाण्यात उकळतात, धुतात, पांढरी माती चोळून वाळवतात आणि हातचातीवर कातून ‘अल्लो’ कापड विणतात.

हीच जिरार्डिनिया सह्याद्रीच्या ओलसर जंगलांतही वाढते आणि तिचा डंख कंडालीहून जहाल असतो. खाजकुइलीचा मात्र कंडालीच्या कुळाशी संबंध नाही. ती शेंगवर्गीय वेल आहे आणि तिच्या शेंगेवरची लव वेगळ्याच प्रथिनामुळे खाज आणते. तेव्हा गढवालात कंडालीची भाजी आवडली, म्हणून सह्याद्रीत दिसेल तो खाजरा पाला खुडून शिजवू नये; जाणकाराने झाड ओळखून दिल्याशिवाय त्याला हातही लावू नये.