विमान पडलं, दोष कोणाचा? घाईने ठरवू नका

१२ जून २०२५ ला अहमदाबादहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं विमान उड्डाणानंतर काही सेकंदांतच कोसळलं. विमानातले २४१ आणि जमिनीवरचे १९, असे २६० जीव गेले. महिन्याभराने प्राथमिक अहवाल आला आणि व्हॉट्सअॅपवर लगेच निकाल लागला : पायलटनेच मुद्दाम पाडलं! पूर्णा-भिवंडीतल्या कितीतरी घरांतली माणसं कामासाठी आखातात ये-जा करतात, त्यामुळे हा विषय आपल्यालाही जवळचा आहे.

अहवालात नेमकं काय आहे? दोन्ही इंजिनांच्या इंधनाचे स्विच एका सेकंदाच्या अंतराने 'बंद'वर गेले. एक पायलट विचारतो, बंद का केलंस? दुसरा म्हणतो, मी नाही केलं. साधारण दहा सेकंदांनी स्विच पुन्हा 'चालू'वर आले, पण तोवर उशीर झाला होता. कोणता आवाज कोणाचा, हे अहवालाने सांगितलं नाही. कोणी मुद्दाम केलं, असंही म्हटलं नाही.

ब्लॅक बॉक्सचे दोन भाग असतात. एकात विमानाच्या हालचालींची नोंद, दुसऱ्यात कॉकपिटमधले आवाज. त्यातून 'काय झालं' ते कळतं. 'का झालं' हा वेगळा प्रश्न आहे. त्यासाठी अवशेष, दुरुस्तीच्या नोंदी, पायलटची तब्येत, प्रशिक्षण, सगळं तपासावं लागतं. यंत्रातला बिघाड नाही हे पक्कं झाल्याशिवाय माणसावर बोट ठेवता येत नाही.

मुंबईचंच उदाहरण घ्या. १ जानेवारी १९७८ च्या रात्री दुबईला निघालेलं 'सम्राट अशोक' हे जम्बो विमान वांद्र्याजवळ समुद्रात पडलं. २१३ जण गेले. आधी घातपाताचा संशय घेतला गेला. चौकशीत निघालं वेगळंच. विमान किती कललंय हे दाखवणारं कॅप्टनसमोरचं उपकरण बिघडलं होतं. खाली काळा समुद्र, क्षितिज दिसत नव्हतं. उपकरणावर विसंबून कॅप्टनने विमान डावीकडे झुकवत नेलं. म्हणजे बिघाड आणि चूक दोन्ही, पण घातपात नाही.

दुसरं उदाहरण १९९९ चं. न्यूयॉर्कहून कैरोला जाणारं इजिप्तएअरचं विमान समुद्रात कोसळलं, २१७ जण गेले. सहवैमानिकाच्या तोंडी 'तवक्कल्तु अलल्लाह' हे शब्द पुन्हा पुन्हा ऐकू आले आणि अनेकांनी तोच पुरावा मानला. आपण तर हे शब्द घरातून निघतानाही म्हणतो! अमेरिकेच्या तपास मंडळाने विमान त्याच्याच हाताने खाली गेलं असं म्हटलं, पण त्यामागचं कारण ठरवलं नाही. इजिप्तने यांत्रिक बिघाडाकडे बोट दाखवलं.

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार अशा तपासाचा हेतू पुढचा अपघात टाळणं हा असतो, दोषी ठरवणं हा नव्हे. अहमदाबादच्या विमानाचे कॅप्टन मुंबईचे. त्यांचे वृद्ध वडील सुप्रीम कोर्टात गेले. नोव्हेंबर २०२५ मध्ये कोर्टाने त्यांना सांगितलं की तुमच्या मुलाला दोष देता येणार नाही, हे ओझं मनावर ठेवू नका.

बातमी आली की आधी खातरजमा करा, ही सूरह हुजुरातची शिकवण आपण मुलांना देतो. चौकशीआधीच गुन्हेगार ठरवलं जाणं म्हणजे काय, हे आपल्या समाजाला वेगळं सांगायला नको. मग मयताच्या घरच्यांवर तीच वेळ आपल्या एका फॉरवर्डने का आणायची?