फेअरवे वूडची निवड : एक विवेचन

गोल्फच्या नियमांनुसार खेळाडूस एका फेरीत कमाल १४ क्लब बाळगता येतात. अमेरिकेत ही मर्यादा १९३८ पासून लागू आहे. त्यामुळे प्रत्येक क्लबची निवड विचारपूर्वक करावी लागते. फेअरवे वूड हा प्रामुख्याने हिरवळीवरील चेंडू दूर मारण्यासाठी वापरला जाणारा क्लब होय. त्याचा माथा पूर्वी लाकडी असे, आता तो धातूचा असतो. क्रमांक ३ च्या क्लबचा लॉफ्ट, म्हणजे मुखाचा तिरपेपणा, साधारणतः १५ अंश, तर क्रमांक ५ चा सुमारे १८ अंश असतो. लॉफ्ट कमी तितके अंतर अधिक, हा समज अपुरा आहे. फटक्याचा वेग मंद असल्यास कमी लॉफ्टने चेंडू पुरेसा उंच जात नाही व लवकर खाली येतो. अशा खेळाडूस क्रमांक ५ अधिक उपयुक्त ठरतो. सारांश, क्लबची निवड खेळाडूने स्वतःचा वेग ओळखूनच करावी.