दोन गोळ्यांमधले तास

नानांच्या आजारपणात मी एक चूक केली, आणि ती काळजीपोटी केली. २००९ सालचा पावसाळा. लघवीच्या जंतुसंसर्गामुळे त्यांना ताप येत होता. डॉक्टरांनी सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळ्या दिल्या होत्या, सकाळ-संध्याकाळ एक. ‘अशी औषधं गरम पडतात’ ही आमच्या घरातली जुनी समजूत, त्यामुळे गोळीबरोबर पेलाभर दूध. शिवाय नानांच्या छातीत जळजळायचे, म्हणून लगेच मागून पित्ताच्या पांढऱ्या पातळ औषधाचे दोन चमचे. चमचा मीच भरत असे. चार दिवस झाले, ताप हटेना. अखेर त्यांना दवाखान्यात दाखल केले.

रात्रपाळीच्या सिस्टरनी औषधांची पिशवी उलटीपालटी करून पाहिली आणि विचारले, “दादा, ही गोळी आजोबांना कशाबरोबर देता?” मी अभिमानाने सगळे सांगितले. त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. एवढेच म्हणाल्या, “मग गोळी पोटात गेली, पण रक्तात किती गेली असेल?”

मी विज्ञानाचा पदवीधर नाही. पण त्या प्रश्नाने मला जुन्या पुस्तकांच्या दुकानांत नर्सिंगच्या क्रमिक पुस्तकांमागे हिंडायला लावले. त्यातून जे उमगले ते इथे मांडतो आहे.

सिप्रोफ्लॉक्सासिनच्या रेणूत शेजारी-शेजारी असलेले दोन ऑक्सिजनचे अणू धातूच्या आयनाला दोन्ही बाजूंनी पकडतात. ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम, लोह, जस्त यांतले काहीही समोर आले, की पकड बसते. या क्रियेला रसायनशास्त्रात ‘किलेशन’ म्हणतात. शब्दाचे मूळ ग्रीक आहे आणि त्याचा अर्थ खेकड्याची नांगी! कोकणातल्या माणसाला याहून जास्त समजावून सांगायला नको. नांगीत धातू अडकला, की तयार होणारे जोडसंयुग आतड्याच्या अस्तरातून रक्तात नीट शोषले जात नाही, विष्ठेवाटे निघून जाते. पित्ताचे पातळ औषध म्हणजे बहुधा ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम यांची हायड्रॉक्साइडे. ते गोळीच्या बरोबरीने घेतले, तर सिप्रोफ्लॉक्सासिनचा ८० टक्क्यांहून अधिक भाग वाया जाऊ शकतो. दुधातल्या कॅल्शियमने होणारी घट त्या मानाने कमी, सुमारे एक तृतीयांश. नानांना मी दोन्ही देत होतो.

हे वैद्यकाला नव्याने कळलेले नाही. १९४८ साली ऑरिओमायसिन हे टेट्रासायक्लिन कुळातले पहिले प्रतिजैविक आले. ते घेतल्यावर रोग्यांना मळमळे, उलट्या होत. त्यावर उपाय म्हणून ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे जेल सोबत देण्याची रीत पडली. मळमळ कमी झाली. पण १९५० साली रक्ताच्या तपासण्यांतून दिसले, की जेलबरोबर दिलेले औषध रक्तात फारच कमी उतरते. म्हणजे माझी चूक तेव्हाच्या जाणत्या डॉक्टरांनीही केली होती, आणि तीही रोग्याला बरे वाटावे म्हणूनच. टेट्रासायक्लिनची कॅल्शियमशी असलेली हीच जवळीक लहान मुलांच्या दातांवर पिवळट-तपकिरी डाग पाडते. म्हणून गरोदर बायका आणि लहान मुले यांना ते सहसा देत नाहीत.

परिचारिकांच्या शिक्षणात औषध देण्याचे पाच नियम घोकून घेतात: योग्य रोगी, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. पहिल्या चारांतली चूक लगेच डोळ्यांवर येते. पाचवा नियम मोडला, तर तक्त्यावर सगळे ठीकच दिसते. चिठ्ठीवरचे ‘बीडी’, ‘टीडीएस’ हे लॅटिन शब्दांचे अवशेष दिवसातून दोनदा, तीनदा एवढेच सांगतात. कशाच्या आधी, कशाच्या नंतर, दोन औषधांत किती अंतर, हे त्यांत कुठेच नाही. ती जागा भरते वॉर्डातली सिस्टर, आणि घरी आल्यावर कोणीच नाही.

आपल्या परंपरेला हा विचार परका होता असे मात्र नाही. सुश्रुतसंहितेत औषध घेण्याचे दहा काळ सांगितले आहेत: रिकाम्या पोटी, जेवणाआधी, जेवणाच्या मध्ये, दोन जेवणांच्या दरम्यान, अगदी घासाघासाबरोबरसुद्धा. त्या काळांमागची उपपत्ती वेगळी आहे, तिचा आणि किलेशनचा बादरायण संबंध मी जोडणार नाही. पण कशाबरोबर आणि केव्हा हा प्रश्न तिथे विचारलेला आहे. आमच्या घरात त्यातले फक्त ‘अनुपान’ उरले, तेही सरसकट दुधाचे.

दुसरी घोटाळ्याची वस्तू म्हणजे ‘गॅसची गोळी’. प्रतिजैविकाच्या पानाबरोबर हिचे पान आता जणू जोडूनच येते. ओमेप्रॅझोल बाजारात आले १९८८ साली. पँटोप्रॅझोल वगैरे त्याची भावंडे. जठराच्या भिंतीतल्या पेशींमध्ये आम्ल बाहेर टाकणारे सूक्ष्म पंप असतात, त्यांना ही औषधे कायमची अडवून धरतात. नवे पंप तयार होईपर्यंत आम्ल कमी राहते, म्हणून औषध रक्तातून दोनेक तासांत ओसरले तरी परिणाम दिवसभर टिकतो. मात्र अडवण्यासाठी पंप चालू असावे लागतात आणि ते जोमाने चालू होतात जेवताना. म्हणून ही गोळी न्याहारीच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची. जेवण झाल्यावर ढेकर येतात म्हणून घेतली, तर निम्मा लढा हरलेलाच. आणखी एक गंमत अशी, की आम्ल रोखणारे हे औषध स्वतः आम्लात टिकत नाही. त्यावर आम्लापासून राखणारे कवच असते. नाकातून नळी घातलेल्या रोग्याला देताना कोणी ती गोळी खलात कुटली, तर कवच फुटते आणि औषध जठरातच नासते. चांगली सिस्टर अशी गोळी कुटत नाही, डॉक्टरांकडून दुसरा प्रकार लिहून घेते.

जठरातल्या आम्लाने पहिल्या प्रतिजैविकालाही छळले होते. मूळचे पेनिसिलिन जी तोंडाने दिले, तर त्याचा मोठा भाग आम्लात नष्ट होतो, म्हणून ते सुईनेच द्यावे लागे. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये १९५५ साली पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. माझ्या आधीच्या पिढीच्या मनात पेनिसिलिन म्हणजे गोळी नव्हे, इंजेक्शन, याचे कारण हे आम्ल.

सुई घेतली म्हणजे धातूची नांगी सुटते असेही नाही. सेफ्ट्रायॅक्सोन हे आज सर्रास शिरेतून दिले जाणारे प्रतिजैविक. रिंगर लॅक्टेट या सलाइनमध्ये कॅल्शियम असते. दोन्ही एकाच नळीत एकत्र आली, तर न विरघळणारे कण तयार होतात. नवजात बालकांच्या फुप्फुसांत आणि मूत्रपिंडांत असे कण सापडले, काही बालके दगावली. म्हणून नवजात बालकाला ही जोडी देतच नाहीत, आणि मोठ्यांमध्येही मधे नळी धुऊन घेतात. मीठपाण्याची ती पिचकारी सोडताना सिस्टर वेळ काढते आहे असे आपल्याला वाटते.

प्रतिजैविकाने जुलाब लागले, की घरचा माणूस आधी जुलाब थांबवायची गोळी शोधतो. बहुतेक वेळा ते जुलाब साधेच असतात. पण कधी प्रतिजैविक आतड्यातले चांगले जंतू मारते आणि मोकळ्या जागेत क्लॉस्ट्रिडियम डिफिसील माजतो. त्याच्या विषाने आतड्याला सूज येते, हे १९७८मध्ये स्पष्ट झाले. अशा वेळी आतड्याची हालचाल थांबवणारी लोपेरामाइडसारखी गोळी विष आतच कोंडू शकते. गॅसच्या गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्यांत हा जंतू अधिक आढळतो, असेही अनेक पाहण्यांत दिसले आहे. त्याचे बीजाणू हाताला लावायच्या स्पिरिटने मरत नाहीत. साबण आणि वाहते पाणीच लागते.

आता एवढे वाचून कोणी म्हणेल, पोटाचे औषध आणि प्रतिजैविक यांचे हाडवैर दिसते. तसे मुळीच नाही. १९८२ साली ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल जठरातला एक वळसेदार जंतू प्रयोगशाळेत वाढवू पाहत होते. वाढ दिसत नाही म्हणून बशा दोन दिवसांत टाकून दिल्या जात. ईस्टरच्या सुट्टीत त्या तशाच राहून गेल्या आणि जंतू उगवला. १९८४ मध्ये मार्शलने तो स्वतः पिऊन पाहिला आणि त्याच्या जठराला दाह झाला. मसालेदार खाणे आणि मनस्ताप यांच्या माथी मारलेला पोटाचा अल्सर बहुतांशी या हेलिकोबॅक्टर पायलोरीमुळे होतो, हे पटायला वैद्यकजगाला दहा वर्षे लागली. २००५ साली दोघांना नोबेल मिळाले. त्याच्या उपचारात दोन प्रतिजैविके आणि आम्ल कमी करणारी गोळी एकत्रच देतात. आम्ल उतरले, की ॲमॉक्सिसिलिनसारखी औषधे जास्त टिकतात, आणि जंतूही वाढीला लागतो. वाढणाऱ्या जंतूवरच ती नीट चालतात. तेच जठर, तीच दोन कुळे, आणि इथे अंतर ठेवणे चूक.

त्या रात्री सिस्टरनी डॉक्टरांना फोन केला. गोळी तीच राहिली, वेळा बदलल्या. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. एका माणसावरून सिद्धान्त मांडता येत नाही, ताप कदाचित तसाही उतरला असता. पण घरी सोडताना त्यांनी माझ्याकडून कॅलेंडरचे मागचे पान मागून घेतले आणि बॉलपेनने लिहून दिले: सहाला गोळी, नुसते पाणी. दूध नि न्याहारी आठनंतर. पातळ औषध सकाळी नऊ, दुपारी बारा, रात्री दहा. संध्याकाळी पुन्हा सहाला गोळी. गोळीच्या आधी सहा तास आणि नंतर दोन तास धातू पोटात नको, हा हिशेब त्यात चोख बसतो. तो बसतो आहे हे समजायला मला पुढे दोन वर्षे लागली. नानांनी मात्र त्याच दिवसापासून घड्याळ उशाशी घेतले, आणि बाराला एक मिनिट कमी असले तरी मला चमचा भरू देत नसत.