विषय तशा नोट्स
भंडारा जिल्ह्यातील विद्यार्थ्यांसाठी टिपणे काढण्याच्या पद्धती

वर्गात ऐकलेले आणि पुस्तकात वाचलेले, स्वतःला जसे समजले तसे, पुढे चटकन आठवेल अशा मांडणीत उतरवून ठेवणे म्हणजे नोट्स काढणे. भंडारा जिल्ह्यातील दहावी-बारावीचे बहुतेक विद्यार्थी राज्य मंडळाच्या नागपूर विभागातून परीक्षा देतात. इयत्ता बदलते तशी पुस्तकांची आणि विषयांची संख्या वाढते. मग तुमसर असो, साकोली असो की लाखांदूर, गाईड, अपेक्षित प्रश्नसंच आणि आधीच्या वर्षीच्या मुलांच्या झेरॉक्स नोट्स यांच्यावर भिस्त ठेवली जाते. प्रश्नपत्रिकेचे स्वरूप कळण्यासाठी ही सामग्री उपयोगी असते. मात्र काय ठेवायचे, काय गाळायचे आणि कशाचा कशाशी संबंध जोडायचा हे ठरवतानाच विषय समजत जातो. दुसऱ्याच्या नोट्समध्ये हे काम आधीच उरकलेले असते आणि त्याचा लाभ ज्याने ते केले त्यालाच होतो.

स्मरणशक्तीचे काम

जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाऊस यांनी 1885 मध्ये स्मरणाविषयीचे प्रयोग प्रसिद्ध केले. पाठ केलेला मजकूर सुरुवातीला भराभर विसरला जातो आणि नंतर विसरण्याचा वेग मंदावतो, असे त्यांना आढळले. पहिली उजळणी लवकर करायची ती यासाठी. 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकन संशोधकांनी विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, तर काहींनी उतारा बाजूला ठेवून आठवेल ते लिहून काढले. पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुन्हा वाचणाऱ्यांना सुमारे 81 टक्के, तर आठवून लिहिणाऱ्यांना 75 टक्के मजकूर आठवला. आठवड्यानंतर चित्र उलटले. पुन्हा वाचणाऱ्यांकडे 42 टक्के आणि आठवून लिहिणाऱ्यांकडे 56 टक्के मजकूर टिकला होता. त्यामुळे नोट्सची आखणी अशी हवी, की त्यावरून स्वतःची परीक्षा घेता यावी.

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातील वॉल्टर पॉक यांनी रूढ केलेली आखणी याच तत्त्वावर चालते. पानाच्या डाव्या बाजूला रुंद समास सोडायचा. उजव्या भागात तासाला टिपणे घ्यायची. त्याच दिवशी समासात त्या टिपणांवरचे प्रश्न लिहायचे आणि पानाच्या तळाशी दोन-तीन वाक्यांत सारांश. उजळणीच्या वेळी उजवा भाग झाकून समासातल्या प्रश्नांची उत्तरे द्यायची. साध्या शाळेच्या वहीतही हे जमते. मात्र ही आखणी प्रत्येक विषयाला जशीच्या तशी चालत नाही.

इतिहास आणि भूगोल

इतिहासाच्या नोट्समध्ये सनावळीइतकेच महत्त्व कार्यकारणाला द्यावे लागते. त्यासाठी साल, घटना आणि कारण-परिणाम असे तीन रकाने पुरतात. भंडारा जिल्ह्याचाच इतिहास असा मांडता येतो. 1853 मध्ये नागपूरचे तिसरे रघुजी भोसले वारसाविना मरण पावले. गव्हर्नर जनरल डलहौसीने दत्तक वारसा नाकारला आणि राज्य खालसा झाले. 1861 मध्ये मध्य प्रांताची स्थापना झाली आणि भंडारा त्यात आला. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ मध्य प्रदेशातून द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, 1960 मध्ये महाराष्ट्र राज्य झाले आणि 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला. तिसरा रकाना भरताना संस्थाने खालसा करण्याचे धोरण, प्रांतरचना आणि भाषावार राज्यांची मागणी हे धडे आपोआप एकमेकांना जोडले जातात.

पुराव्यासाठी चौथा रकाना ठेवावा. पवनी येथे 1969-70 मध्ये झालेल्या उत्खननात प्राचीन बौद्ध स्तूपांचे अवशेष आणि ब्राह्मी लिपीतील दानलेख सापडले. त्याची नोंद ‘साधन: दानलेख, निष्कर्ष: बांधकामाला दात्यांची मदत’ अशी केली, तर इतिहासकार निष्कर्षापर्यंत कसा पोहोचतो हेही ध्यानात येते.

भूगोलात परिच्छेदापेक्षा नकाशा अधिक सांगतो. वैनगंगा मध्य प्रदेशातील सिवनी जिल्ह्यात उगम पावते, भंडाऱ्यातून वाहते, पुढे वर्धेला मिळून प्राणहिता होते आणि गोदावरीला जाते. ही माहिती चार ओळींत लिहिण्याऐवजी एका कच्च्या आराखड्यात काढावी. त्यातच पवनीजवळचे गोसीखुर्द धरण, तुमसर तालुक्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजच्या खाणी आणि माजी मालगुजारी तलाव दाखवावेत. शेजारी बाणांची साखळी जोडावी: मोसमी पाऊस, उतारावर बांध, तलावात साठा, खाली धानाच्या बांध्या.

विज्ञान आणि गणित

रसायनशास्त्रात तुलनेचा तक्ता सर्वांत कामाला येतो. डोंगरी बुजुर्गच्या खाणीतून निघणारे मँगनीज डायऑक्साइडचे खनिज कोरड्या बॅटरीसाठी वापरले जाते. त्यात मँगनीजची ऑक्सिडेशन अवस्था अधिक चार असते आणि रंग काळा. जांभळ्या पोटॅशियम परमँगनेटमध्ये ती अधिक सात होते. आम्लयुक्त द्रावणात त्याचे क्षपण झाले की ती अधिक दोनवर येते आणि रंग जवळजवळ नाहीसा होतो. संयुग, अवस्था, रंग आणि उपयोग अशा चार रकान्यांत हे लिहिले, की रंग का बदलतो याचे उत्तर तक्त्यातच दिसते. भंडाऱ्याची ओळख असलेले पितळ हे तांबे आणि जस्त यांचे संमिश्र; त्याची नोंद कांसे आणि पोलाद यांच्या शेजारी करावी.

जीवशास्त्रात नावे दिलेली आकृती काढावी. धानाच्या रोपाची आकृती काढताना तंतुमय मुळे, पानांतील समांतर शिराविन्यास आणि एकबीजपत्री बी हे तिन्ही मुद्दे एकत्र येतात. मुळांतल्या आणि खोडातल्या हवेच्या पोकळ्या दाखवल्या, की रोवणीनंतर पाण्यात उभे राहूनही रोपाच्या मुळांना ऑक्सिजन कसा मिळतो तेही कळते. आकृती आधी आठवून काढावी, मग पुस्तकाशी ताडून पाहावी आणि चुकलेली नावे वेगळ्या शाईने लिहावीत.

भौतिकशास्त्रात नुसते सूत्र लिहून भागत नाही. प्रत्येक राशीचा अर्थ, तिचे एकक आणि सूत्र कोणत्या परिस्थितीत लागू पडते हे शेजारी हवे. द्रवाचा दाब खोलीनुसार वाढतो, हे सूत्र धरणाची भिंत तळाशी जाड का असते या प्रश्नासोबत लिहावे. गणितासाठी नियमांचे पान छोटे आणि चुकांची वही मोठी असावी. सोडवलेले उदाहरण उतरवण्यापेक्षा पाऊल कुठे चुकले, चिन्हात, आकडेमोडीत की गृहीतात, हे लिहिले तर तीच चूक पुन्हा होण्याचे प्रमाण घटते.

भाषा

भंडारा हा झाडीबोलीचा प्रदेश आहे. या बोलीत ‘ण’च्या जागी ‘न’ आणि ‘ळ’च्या जागी ‘र’ बोलला जातो. परीक्षेची उत्तरे मात्र प्रमाण मराठीत लिहायची असतात. म्हणून एका पानावर बोलीतील रूप आणि प्रमाण रूप समोरासमोर लिहावे. अशा यादीत बोलीचा मान राखला जातो आणि शुद्धलेखनही सुधारते. इंग्रजी आणि हिंदीचे शब्द एकेकटे न लिहिता स्वतः रचलेल्या वाक्यांत लिहावेत. कवितेच्या नोट्समध्ये आशय, प्रतिमा आणि स्वतःचे मत असे तीन भाग पुरेसे होतात.

उजळणीचे वेळापत्रक

टिपणांची पहिली उजळणी त्याच दिवशी, दुसरी साधारण आठवड्याने आणि तिसरी महिन्याने करावी. प्रत्येक वेळी वही मिटून आधी आठवावे आणि मगच पाहावे. जे सहज आठवते त्यावर खूण करून पुढे जावे, अडलेला भाग पुन्हा पुस्तकातून वाचावा. परीक्षा जवळ आली की प्रत्येक प्रकरणाच्या नोट्स एका पानावर आणाव्यात. हे संक्षिप्त पान मूळ वहीकडे न पाहता लिहावे, म्हणजे कोणत्या प्रकरणाला अजून वेळ द्यायचा ते स्पष्ट होते. मित्राच्या नोट्स पाहायच्या असतील तर त्या याच टप्प्यावर पाहाव्यात. स्वतःची मांडणी तयार असल्याने सुटलेले मुद्दे लगेच सापडतात आणि ते आपल्या वहीत योग्य जागी भरता येतात.