ध्वनिमिश्रण-परीक्षण (हौशी इलेक्ट्रॉनिक संगीत)

इलेक्ट्रॉनिक संगीतरचनेतील ताल, मंद्र स्वर, मुख्य सुरावट, गायन व ध्वनिपरिणाम हे स्वतंत्र ध्वनिपट्टे एकत्र आणून त्यांची परस्परसापेक्ष पातळी, कंप्रताविस्तार आणि डावी-उजवीकडील व दूर-जवळची स्थाने ठरविणे, यास ध्वनिमिश्रण म्हणतात. असे मिश्रण दुसऱ्या जाणकाराने ऐकून त्यातील गुणदोष रचनाकारास पुढील कामात उपयोगी पडतील अशा रीतीने सांगणे म्हणजे ध्वनिमिश्रण-परीक्षण होय. संगीतसमीक्षेहून ते भिन्न आहे. समीक्षा पूर्ण झालेल्या कृतीविषयी श्रोत्यांशी बोलते. परीक्षण अपुऱ्या कृतीविषयी तिच्या कर्त्याशी बोलते आणि कृती सुधारली की त्याचे प्रयोजन संपते. [⟶ ध्वनिमुद्रण; संगीतसमीक्षा].

चित्रपटसंगीताच्या व्यवसायात असे परीक्षण वेगळे काढून करावे लागत नसे. संगीतकार, ध्वनिमुद्रक, वादक व दिग्दर्शक एकाच वास्तूत असत आणि काम चालू असतानाच एकमेकांस हटकीत. मुंबईच्या राजकमल कलामंदिरातील पुनर्ध्वनिमुद्रक मंगेश देसाई यांच्याकडे सत्यजित राय यांच्यासारखे दिग्दर्शक अंतिम मिश्रणासाठी येत, ते केवळ यंत्रसामग्रीसाठी नव्हे, तर त्या कानासाठीही. घरगुती संगणकामुळे रचनाकार, वादक, ध्वनिमुद्रक व मिश्रक या साऱ्या भूमिका एकाच व्यक्तीकडे आल्या. तेच सोळा आवर्तनांचे तुकडे शेकडो वेळा ऐकल्यावर कान त्यांना सरावतो. बुजलेला शब्दही कर्त्यास स्पष्ट ऐकू येतो, कारण तो त्यास पाठच असतो. परक्या कानाची गरज येथे उत्पन्न होते.

कर्त्याच्या अपुऱ्या कृतीवर दुसऱ्याने हात फिरविण्याची परंपरा भारतात जुनी आहे. तिचे सर्वांत शिस्तबद्ध रूप उर्दू काव्यात दिसते. शागिर्दाने लिहिलेली गझल उस्तादाने तपासून देण्याच्या प्रथेस ‘इस्लाह’ म्हणतात. गालिब यांनी हरगोपाल तफ्ता यांस लिहिलेल्या पत्रांत अशा दुरुस्त्यांची व त्यांमागील कारणांची चर्चा आढळते. मुशायऱ्यांसाठी व उर्दू साहित्यासाठी प्रसिद्ध असलेल्या मालेगाव (जि. नासिक) येथे ही प्रथा परकी नाही. परंतु ध्वनिमिश्रणास ती जशीच्या तशी लागू करता येत नाही, आणि हा भेद महत्त्वाचा आहे. उस्तादासमोर शेराचा प्रत्येक शब्द उघडा असतो. दोष कोठे आहे हे तो नेमके दाखवू शकतो. परीक्षकाच्या हाती मात्र सर्व पट्टे एकजीव झालेली, दोन वाहिन्यांची अंतिम ध्वनिफीत येते. मंद्र सप्तकात गढूळपणा आहे, हे त्यास खात्रीने सांगता येते. तो मंद्र स्वरपट्ट्यामुळे आला, तालवाद्यामुळे आला की निनादामुळे, हे तो केवळ तर्काने जाणतो. म्हणून लक्षण ठामपणे व निदान बेताने सांगणे, हे या परीक्षणाचे मुख्य तत्त्व ठरते. हौशी परीक्षक बहुधा याच्या उलट करतात. ‘येथे कॉम्प्रेसर लावा’, असे ते सांगतात. काय ऐकू आले ते सांगतच नाहीत.

परीक्षणाचे विधान : उपयुक्त विधानात चार गोष्टी येतात : काय ऐकू आले, कोणत्या मिनिट-सेकंदास, कोणत्या साधनावर व किती मोठ्याने ऐकताना, आणि त्याचा रचनेच्या हेतूवर काय परिणाम झाला. ‘बेस घाण वाटतो’ या शेऱ्यातून कर्त्यास काहीच करता येत नाही. याउलट, ‘1 मि. 12 से. पासून मंद्र सुरावट सुरू होताच किक ड्रमचा ठोका बोथट होतो. हेडफोनवर हे कमी व मोठ्या ध्वनिक्षेपकावर अधिक जाणवते. नृत्याचा जोर नेमका येथेच ओसरतो’, या विधानातून शोधाची दिशा मिळते. किक ड्रमचा मूळ नाद आणि मंद्र सुरावटीचे खालचे स्वर हे दोन्ही सामान्यतः 40 ते 100 हर्ट्‌झ या अरुंद पट्ट्यात पडतात आणि एक ध्वनी दुसऱ्यास झाकतो. उपाय अनेक आहेत. दोहोंपैकी एकाची कंप्रता थोडी हलविता येते, ठोक्याच्या क्षणी सुरावट क्षणमात्र खाली आणता येते किंवा सुरावटीची रचनाच बदलून ठोक्याच्या जागी विराम ठेवता येतो. शेवटचा उपाय यांत्रिक नसून सांगीतिक आहे व पुष्कळदा तोच उत्तम ठरतो.

एकाच रचनेवर अनेकांचे शेरे मिळाले, तर ते परस्परविरोधी दिसतात. एक जण गायन वाढवा म्हणतो, दुसरा सिंथेसायझर कमी करा म्हणतो, तिसऱ्यास कडवेच लांबलेले वाटते. तिघांचे उपाय निराळे असले, तरी तिघेही त्याच वीस सेकंदांकडे बोट दाखवीत असतील, तर तेथे काहीतरी अडले आहे हे निश्चित मानावे. बोट दाखविलेली जागा विश्वसनीय असते. सुचविलेला उपाय तितकासा नसतो.

ऐकण्याची परिस्थिती : मानवी कानाची संवेदनशीलता सर्व कंप्रतांना सारखी नसते व ध्वनीच्या पातळीनुसार ती बदलते, हे हार्व्ही फ्लेचर व डब्ल्यू. ए. मन्सन यांनी 1933 मध्ये समतीव्रता-वक्रांच्या साहाय्याने दाखविले. हळू आवाजात मंद्र ध्वनी प्रमाणाबाहेर क्षीण वाटतात. आवाज वाढविताच ते भरून आल्यासारखे होतात. यातून दोन गोष्टी निघतात. रात्री घरच्यांची झोप मोडू नये म्हणून अगदी हळू आवाजात केलेल्या मिश्रणात मंद्र ध्वनी जादा होण्याचा संभव असतो. दुसरे असे की, दोन मिश्रणांची तुलना करताना अधिक मोठ्याने वाजणारे मिश्रण गुण नसतानाही सरस भासते. म्हणून तुलनेपूर्वी दोहोंची ऐकू येणारी पातळी सारखी करून घेणे आवश्यक असते. नमुना म्हणून घेतलेल्या व्यावसायिक ध्वनिमुद्रणाशी हौशी रचना ताडून पाहताना ही खबरदारी हटकून विसरली जाते व बिचाऱ्या कर्त्यास ‘दम नाही’ असा शेरा मिळतो.

खोलीचा परिणाम याहूनही मोठा असतो. 50 हर्ट्‌झ ध्वनीची तरंगलांबी हवेत सु. 6.9 मी. असते. त्यामुळे सु. 3.4 मी. लांबीच्या खोलीत समोरासमोरील भिंतींमध्ये या ध्वनीचा स्थिर तरंग निर्माण होतो : भिंतीलगत तो फुगतो व खोलीच्या मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. मध्यभागी बसून काम करणारा मंद्र ध्वनी वाढवीत जातो, भिंतीस टेकून बसणारा तो कमी करीत जातो. दोघांचेही कान आपापल्या जागी खरेच सांगत असतात. भ्रमणध्वनीच्या लहान ध्वनिक्षेपकातून तर अशा मूळ कंप्रता बाहेर पडतच नाहीत. श्रोता त्यांच्या वरच्या पटींतील कंप्रतांवरून मूळ स्वराचा अंदाज बांधतो. म्हणून मंद्र सुरावटीत अशा वरच्या कंप्रता आहेत की नाहीत, हे परीक्षकाने मुद्दाम पाहावे. मिरवणुकीतील व मांडवातील ध्वनिव्यवस्थेत डावी व उजवी वाहिनी पुष्कळदा एकत्र करून वाजविली जाते. दोन्ही वाहिन्यांत परस्परविरुद्ध कलेने ठेवलेला ध्वनी अशा वेळी एकमेकांस छेदून नाहीसा होतो. हेडफोनवर भव्य वाटलेली सुरावट चौकात ऐकू येत नाही. एकवाहिनी करून एकदा ऐकणे ही पाच मिनिटांची कसोटी हे संकट टाळते. परीक्षणासाठी शक्यतो असंपीडित फाइल मागावी, हेही येथे नोंदविले पाहिजे. संदेशाद्वारे पाठविताना ध्वनी संपीडित झाला, तर उच्च कंप्रतांतील खरखर कर्त्याची नसून वाहकाची असू शकते.

गोंगाट व श्रवणशक्ती : मालेगाव हे मुंबई–आग्रा महामार्गावरील, यंत्रमागांसाठी प्रसिद्ध असलेले शहर. येथील यंत्रमाग केवळ औद्योगिक वसाहतीत नसून निवासी मोहल्ल्यांतही आहेत आणि शुक्रवारच्या सुटीखेरीज त्यांचा खडखडाट दिवसरात्र चालतो. धोट्याच्या मागांच्या विणकामशाळेतील ध्वनिपातळी सामान्यतः 90 डेसिबेलच्या वर असते. भारतातील कारखान्यांविषयीच्या नियमांत 90 डेसिबेल ही 8 तासांच्या कामासाठी कमाल मर्यादा धरली जात आली आहे. यंत्रमागावरील पाळी मात्र पुष्कळदा 12 तासांची असते. अशा परिसरात संगीताचे मिश्रण करणाऱ्यापुढे दोन वेगळ्या अडचणी येतात आणि परीक्षकाने त्यांची गल्लत करू नये.

पहिली अडचण भोवतालच्या गोंगाटाची आहे. भिंतीपलीकडून येणाऱ्या आवाजात उच्च कंप्रता गाळल्या जातात व मंद्र घरघर उरते. ती रचनेतील मंद्र भाग झाकते, म्हणून कर्ता तो भाग वाढवितो. ही अडचण बंदिस्त हेडफोन वापरून किंवा शुक्रवारच्या शांततेत अंतिम मिश्रण तपासून बरीचशी दूर होते. दुसरी अडचण कानाच्या आत असते. तीव्र गोंगाटात दीर्घकाळ राहिल्यास श्रवणशक्ती प्रथम तात्पुरती व पुढे कायमची घटते आणि ही घट प्रारंभी 3 ते 6 किलोहर्ट्‌झ या पट्ट्यात, विशेषतः 4 किलोहर्ट्‌झच्या आसपास, दिसून येते. नेहमीचे संभाषण चालू राहत असल्याने ती त्या व्यक्तीच्या लक्षात येत नाही. मिश्रण करताना मात्र ती उघडी पडू शकते. ज्या पट्ट्यात आपणास कमी ऐकू येते, तो पट्टा कर्ता नकळत वाढवितो. झांजा, टाळ्या, गायनातील सकार-शकार इतरांच्या कानास टोचू लागतात.

एखाद्या रचनेत असा टोचरेपणा आढळला, तर त्याची साधी कारणे प्रथम पाहावीत : कर्त्याचे हेडफोन दबक्या आवाजाचे असतील, कामाच्या अखेरीस कान थकलेले असतील किंवा त्यास तशीच धार हवी असेल. परंतु निरनिराळ्या साधनांवर, निरनिराळ्या दिवशी केलेल्या तीन-चार रचनांत तोच पट्टा सातत्याने चढलेला असेल, तर परीक्षकाने ईक्वलायझरचा सल्ला देऊन थांबू नये. गोंगाटापासून किमान 14 ते 16 तास दूर राहून श्रवणमापन करून घ्यावे, असे त्याने कर्त्यास एकांतात सुचवावे. चारचौघांत तसे सांगणे क्रूरपणाचे होईल. अंतःकर्णातील केशपेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उत्पन्न होत नाहीत. तथापि वेळीच कळल्यास कानात बोळे वा कर्णरक्षक वापरून पुढील हानी रोखता येते. संगीताचे परीक्षण हे श्रवणतपासणीचे साधन नव्हे. तरीही ज्या तरुणाने कानाच्या डॉक्टराकडे जाण्याचे अन्य कारण नाही, त्यास हा इशारा अन्यत्र कोठूनही मिळण्याचा संभव कमी असतो. [⟶ बहिरेपणा].

दोष व हेतू : इलेक्ट्रॉनिक संगीतात दोष कशास म्हणावे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. रोलँड या जपानी कंपनीने 1981 मध्ये विक्रीस आणलेले टीबी-303 हे यंत्र बेस गिटारची नक्कल करण्यासाठी बनविले होते. ती नक्कल कोणास पटली नाही व 1984 मध्ये त्याचे उत्पादन थांबले. मुंबईचे चित्रपटसंगीतातील वादक चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये हेच यंत्र, टीआर-808 हे तालयंत्र व ज्युपिटर-8 हा सिंथेसायझर घेऊन सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट ही तबकडी ध्वनिमुद्रित केली. तिच्याकडे तेव्हा फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. त्याच यंत्राच्या पिळवटलेल्या, अनैसर्गिक नादावर पुढे शिकागो येथे ‘ॲसिड हाउस’ हा संगीतप्रकार उभा राहिला आणि 2010 मध्ये चरणजित सिंग यांची तबकडी नेदर्लंड्‌समधून पुन्हा प्रसिद्ध झाल्यावर जाणकार चकित झाले. 1982 मधील एखाद्या परीक्षकाने ‘बेस गिटार खरी वाटत नाही’ असा शेरा दिला असता, तर तो वस्तुतः अचूक आणि तरीही निरुपयोगी ठरला असता.

मालेगावच्या हौशी चित्रपटांचे उदाहरणही असेच आहे. शेख नासिर यांचा मालेगाव के शोले (2000) आणि त्यानंतरची विडंबने मुंबईच्या चित्रपटांच्या तांत्रिक मापाने मोजली, तर त्यांतील गंमतच हाती लागत नाही. स्थानिक बोली व स्थानिक प्रेक्षक हेच त्यांचे माप. मात्र संवाद कळला नाही, तर विनोदही पडतो. म्हणून परीक्षकाने रचनाकारास प्रथम विचारावे, की रचना कोठे व कोणासाठी वाजणार आहे. मिरवणुकीसाठी केलेल्या रचनेत सूक्ष्म निनाद शोधणे व्यर्थ आहे. हेडफोनवर एकट्याने ऐकण्यासाठी केलेल्या रचनेत ठोका छातीवर आदळत नाही, ही तक्रारही तितकीच व्यर्थ होय. उत्तर मिळाल्यानंतर रचना न थांबविता एकदा पूर्ण ऐकावी. पहिल्या ऐकण्यात मनात उमटलेली छाप दुसऱ्या खेपेस परत येत नाही, यासाठी तेव्हाच टिपणे करावीत. मांडणीचे प्रश्न आधी, पट्ट्यांच्या सापेक्ष पातळ्या त्यानंतर व नादगुणाचे बारकावे शेवटी घ्यावेत. जो भाग पुढे गाळला जाणार आहे, त्याची खरखर काढण्यात कर्त्याचा दिवस जाऊ नये. एका खेपेस दोन-तीन मुद्दे पुरेसे होतात. जे नीट जमले आहे त्याचाही नेमका उल्लेख करावा. तो सौजन्यासाठी नव्हे. अन्यथा पुढच्या दुरुस्तीत तेच बिघडविले जाते.

अंतिम पातळी वाढविण्याच्या हव्यासाविषयी वेगळे सांगावे लागते. अंकीय ध्वनिमुद्रणात एका कमाल मर्यादेपलीकडे पातळी जाऊ शकत नाही. तेथे तरंगाचे माथे छाटले जातात व विकृती उत्पन्न होते. ती टाळून सरासरी पातळी वर रेटली, तर हळू व मोठ्या भागांतील अंतर नाहीसे होऊन सलग ऐकणाऱ्यास थकवा येतो. ऐकू येणारी पातळी मोजण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत 2006 मध्ये निश्चित झाल्यावर या हव्यासाचा बराचसा लाभ संपला आहे. आंतरजालावरील अनेक संगीतसेवा जास्त मोठ्याने मुद्रित झालेली रचना आपोआप खाली आणतात. वाढीव रेटा निघून जातो आणि छाटलेले माथे तेवढे शिल्लक राहतात.

दुरुस्त केलेली दुसरी आवृत्ती आली, की परीक्षकाने आपली पूर्वीची टिपणे बाजूस ठेवून ती प्रथम नव्याने ऐकावी, नंतर दोन्ही आवृत्त्या समान पातळीवर आणून ताडून पाहाव्यात. दुसरी आवृत्ती पहिलीपेक्षा वाईट असेल, तर तसे सांगण्यास संकोच करू नये. बहुतेक वेळा त्याचे कारण असे, की कर्त्याने आलेला प्रत्येक शेरा मानला.